पान विझू नये म्हणून

बेंगळूरमध्ये तीन चाकांवरून जे काही येतं, त्याला हात दाखवायचा असतो. मी तीन चाकांची मोटारसायकल घेतली तेव्हा ही साधी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

पहिल्याच दिवशी जयनगरच्या सिग्नलला एक बाई दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन थेट माझ्यापाशी आल्या. "फोर्थ ब्लाक् बर्तीरा?" म्हणजे, फोर्थ ब्लॉकला येणार का? मी हेल्मेटची काच वर करून त्यांना समजावलं की ही ऑटो नाही, बाइक आहे. त्यांनी गाडी पुढून मागपर्यंत नीट न्याहाळली. "मत्ते मूरु चक्र याके?" मग तीन चाकं कशाला? तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, मागे हॉर्न सुरू झाले आणि मी उत्तर न देताच निघालो. उत्तर लांबलचक होतं आणि त्यात माझी बायको होती.

गाडीचं वर्णन आधी करतो. पुढे दोन चाकं, मागे एक. ऑटोच्या नेमकं उलटं. समोरून पाहिलं तर एखादा भला मोठा खेकडा नांग्या पसरून येतोय असं वाटतं. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली परदेशी गाडी. मागच्या माणसाला टेकायला सोफ्यासारखी पाठ, हात ठेवायला दोन दांडे, सामानाला खण, आणि चालवणाऱ्यासमोर शाळेच्या पाटीएवढा पडदा. मूळ मालक इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला होता. परदेशी निघाला म्हणून विकत होता. एवढी गाडी त्याने कुठे कुठे नेली होती म्हणून विचारलं, तर म्हणाला, "अंकल, खरं सांगू? ऑफिसच्या पार्किंगपर्यंत."

आता बायको. तिचा आणि माझा संसार जितक्या वर्षांचा, तितकीच वर्षं ती माझ्या स्कूटरवर मागे बसली. घरात आम्ही बोलतो ते दूध, गॅस आणि पाण्याचा टँकर यांविषयी. खरं बोलणं स्कूटरवर व्हायचं. घराच्या फाटकातून बाहेर पडलो की ती माझ्या डाव्या कानाशी तोंड आणायची आणि सुरू व्हायची. कोण कुणाला काय म्हणालं, तिला स्वतःला काय वाटलं, मला काय वाटायला हवं होतं, सगळं. मी फक्त "हं" म्हणायचो. आमच्या लग्नाचा मोठा भाग त्या "हं"वर उभा आहे.

दोन वर्षांपूर्वी मेट्रोच्या कामाजवळ रस्त्यावर वाळू सांडली होती, तिच्यावरून स्कूटर घसरली. माझं कोपर खरचटलं. तिचं मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण अजून जोर लावला की कळ येते, म्हणून कुकरचं झाकण तेव्हापासून मी लावतो. आणि त्या दिवसापासून ती माझ्या मागे बसली नाही. मेट्रोने जाते, ऑटोने जाते, एकदा तर शेजाऱ्यांच्या मुलाच्या मागे बसून गेली. माझ्या मागे नाही. तिने कधी दोष दिला नाही, भांडली नाही. फक्त "तुम्ही व्हा पुढे, मी येतो" म्हणायची. बेळगावकडची आहे ती. तिकडच्या बायका स्वतःबद्दल येतो, जातो असंच बोलतात. आमच्या घरातली मराठी इथे बेंगळुरात पिढ्यान् पिढ्या कानडीत मुरलेली, तिची बेळगावात मुरलेली, आणि दोन्ही मिळून जे होतं ते ऐकून पुण्याचे पाहुणे एकमेकांकडे बघतात.

दोन वर्षं माझा डावा कान मोकळा होता. लोकांना वाटेल, काय सुख! मलाही पहिले काही दिवस वाटलं.

तर, तीन चाकं. पडायचं म्हटलं तरी पडता येणार नाही अशी बाइक. मी ती घरी आणली आणि बायकोला बाहेर बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "हे कुणाचं आहे?"

"आपलं."

तिने मागची पाठ बोटाने दाबून बघितली. मी घाईघाईने म्हणालो, "तुझ्यासाठीच घेतली. ही पडत नाही."

"तुम्ही चालवणार ना?"

"हो."

"मग बघू."

शेवटी अट ठरली. पुढच्या रविवारी येलहंक्याला अक्काकडे जेवायला जायचं होतं. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. "येलहंक्यापर्यंत बसतो," ती म्हणाली. "परत तुमच्या मागून यायचं की टॅक्सीने, ते तिथं ठरवतो. टॅक्सीने आलो, तर ही गाडी विकायची. परत विषय काढायचा नाही."

जयनगर ते येलहंका म्हणजे शहराच्या दक्षिणेकडून उत्तरेला. बेंगळूरमध्ये याला लांबचा प्रवासच म्हणतात. लोक बरोबर पाण्याची बाटली घेतात आणि निघताना देवाला हात जोडतात. गाडीचं चीज होणार होतं. मला फक्त एक काम करायचं होतं: नीट चालवायची. ते काम मी कसं बिघडवलं, त्याची ही हकिगत आहे.

बिघडवलं ते एका पानाने. गाडीच्या उजव्या मुठीजवळ एक बटण आहे. ते दाबत गेलं की गाडीचा स्वभाव बदलतो. एक स्वभाव पावसासाठी, एक प्रवासासाठी, एक ज्यांना मरायची घाई आहे त्यांच्यासाठी, आणि एक इको. इको लावलं की गाडी मवाळ होते. मूठ पिळली तरी एकदम उसळत नाही. पेट्रोल जपून पिते. आणि आपण खरोखरच जपून चालवत असलो, तर पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं हिरवं पान उगवतं. मूठ जरा जास्त पिळली की पान विझतं.

मी नोकरीची सगळी वर्षं मोजमापाच्या यंत्रांची तपासणी करण्यात घालवली आहेत. काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हे बघायचा मला पगार मिळत होता. निवृत्त झाल्यावर माझ्यावर कोणताच काटा सोपवलेला नव्हता. आणि आता अचानक एका यंत्राने मला हिरवं पान दाखवून 'शाबास' म्हटलं. घरात दुसरं कुणी म्हणत नव्हतं. पेट्रोल वाचतंय की नाही, यात मला काडीचा रस नव्हता. ज्या माणसाला पेट्रोल वाचवायचं असतं तो असली गाडी घेत नाही. मला ते पान पेटतं ठेवायचं होतं.

याची लक्षणं पूजेच्या दिवशीच दिसली होती. आमच्याकडे नवी गाडी आली की देवळासमोर नेऊन पूजा करतात आणि प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवून त्यावरून गाडी पुढे घेतात. भटजींनी सवयीने चार लिंबं आणली. तीन ठेवून झाल्यावर चौथं हातात धरून ते बराच वेळ गाडीखाली वाकून बघत होते. चौथं चाक कुठे तरी असेलच, अशी त्यांना खात्री असावी. मग उठून त्यांनी ते लिंबू मुकाट्याने आपल्या पिशवीत टाकलं. बायको बाजूला आरतीचं ताट घेऊन उभी. मी गाडी इकोमध्ये सुरू केली, मूठ इतक्या अलगद फिरवली की गाडी लिंबांपर्यंत गेली आणि टेकून थांबली. अजून थोडी फिरवली. लिंबं चिरडली नाहीत. पुढचं डावं लिंबू चाकाखालून सटकून घरंगळत थेट गटारात गेलं.

"स्वल्प आक्सिलेटर् कोडि सार्!" भटजी म्हणाले. थोडा जोर द्या. त्यांनी पिशवीतलं चौथं लिंबू काढून ठेवलं. मी जोर दिला. फच्च आवाज झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पडद्यावरचं पान विझलं. मला मनापासून वाईट वाटलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. देवळासमोर उभं राहून आपल्याला पानाचं दुःख झालंय हे कसं सांगणार?

त्यानंतर रविवार येईपर्यंत रोज पहाटे मी सराव केला. बायको झोपलेली असताना जयनगरच्या रिकाम्या रस्त्यांवरून मी पान सांभाळत फिरायचो. पुढचा सिग्नल लाल दिसला की फार लांबूनच मूठ सोडून द्यायची आणि गाडी आपली आपण तरंगत जाऊ द्यायची. चढ आला की श्वास रोखायचा. याचा गाडीवर परिणाम होत नाही, हे मला माहीत आहे. सकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं मला मागे टाकून जायची. एका गृहस्थांनी थांबून विचारलं, "गाडी बंद पडलीय का? ढकलू?" पण मी पान विझू दिलं नाही. शनिवारी तर घरापासून लालबागेपर्यंत आणि परत, अखंड हिरवं. कॉफी प्यायला थांबलो तेव्हा कॉफी देणाऱ्यालाही मी हे सांगितलं. तो "सरी सार्", म्हणजे बरं साहेब, म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

रविवारी निघताना पहिली ठिणगी उडाली ती डब्यावरून. अक्कासाठी बायकोने पुरणपोळ्या केल्या होत्या आणि त्या स्टीलच्या तीन मजली डब्यात भरल्या होत्या.

"प्लॅस्टिकच्या डब्यात घे ना," मी म्हणालो. "वजन वाढलं की इकोला त्रास होतो."

"कुणाला त्रास होतो?"

"म्हणजे गाडीला."

तिने डबा खाली ठेवला. "अहो, एवढं वजनाचं आहे तर मलाच ठेवा की घरी. डब्यापेक्षा जड तर मीच आहे."

मी डबा मुकाट्याने खणात ठेवला. दोघांच्या हेल्मेटमध्ये बोलायची सोय होती. गाडी चालू असताना एकमेकांचं ऐकू येतं. ती मागे बसली, पाठ टेकली, दोन्ही हातांनी दांडे धरले. तिच्या श्वासाचा आवाज माझ्या कानात येत होता, जरा भरभर. मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "ओढणी आत खोच. फडफडली की हवा अडते."

"पडायची भीती म्हणून म्हणताय ना?"

मी "हं" म्हणालो. हे माझं त्या दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य.

शहरातून जाताना सगळं उत्तम चाललं होतं. उत्तम म्हणजे आम्ही बहुतेक वेळ उभेच होतो. ही गाडी मोटारीएवढी रुंद, त्यामुळे बाकीचे दुचाकीवाले फटीतून पुढे सटकायचे आणि आम्ही मोटारींच्या रांगेत, मोटारीतल्या एसीशिवाय, उन्हात. पण एक गंमत लक्षात आली. उभं असताना पान सगळ्यात हिरवं असायचं. बेंगळूरमध्ये सगळ्यात काटकसरीचा वेग म्हणजे शून्य, आणि तो शहर आपल्याला फुकट देतं.

रस्ता मोकळा झाला की मात्र पंचाईत. सिग्नल सुटला की सगळे सुसाट सुटायचे आणि मी बासुंदी आटवतोय तशा मंद आचेवर निघायचो. मागे हॉर्न. शेजारून जाताना एक ऑटोवाला ओरडला, "येनु सार्, मदुवे मेरवणिगेना?" लग्नाची वरात आहे का?

"तो बरोबर बोलतोय," कानात आवाज आला. "जरा जोरात घ्या की."

"पान..." मी म्हणालो आणि गप्प बसलो.

"काय पान?"

"काही नाही. मान. मान आखडलीय."

उत्तरेकडे जाणाऱ्या उड्डाणपुलावर चढलो आणि इथे माझ्या डोक्यात ती कल्पना आली. पुलावर समोरून वारा होता; वारा असला की गाडीला जोर लावावा लागतो आणि पान लुकलुकतं. समोर एक पाण्याचा टँकर चालला होता. उंच, रुंद, आणि वारा अडवायला भिंतीसारखा. सायकलच्या शर्यतीत लोक एकमेकांच्या आडोशाला चालवतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी टँकरच्या मागे गेलो, अगदी जवळ. वारा थांबला. पान स्थिर झालं. असं निश्चल, असं गर्द हिरवं पान मी सबंध आठवड्यात पाहिलं नव्हतं.

टँकर गळत होता. बेंगळूरचा टँकर गळत नसेल तर लोक त्यात पाणी नाही असं समजतात. आधी हेल्मेटच्या काचेवर थेंब आले. मग गाडीवर, मग माझ्या गुडघ्यांवर, आणि मागे तिच्या नव्या सलवारीवर. रस्त्याच्या धुळीत मिसळून आलेलं चिखलाचं पाणी.

"अहो! पाणी उडतंय!"

"हं."

"पुढे काढा की गाडी! रिकामा आहे रस्ता!"

"हं. दोनच मिनिटं."

"टँकरच्या मागनं कशाला चाललोय आपण?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. मी पानाकडे बघत होतो. आणि मी पानाकडे बघत असताना टँकरने ब्रेक मारला.

गाडी चांगली आहे म्हणून हे लिहायला मी आहे. पाय ब्रेकवर पूर्ण दाबला गेला, तिन्ही चाकांनी रस्ता घट्ट धरला, गाडी जराही वाकडी न होता थांबली. टँकरच्या मागे लावलेली मिरच्यांची माळ माझ्या काचेच्या इतकी जवळ होती की मिरच्या किती ताज्या आहेत हे कळत होतं. मागून तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं. टक्.

मग कानात काहीच नाही. श्वासही नाही. ती श्वास घ्यायला लागली तो आवाज ऐकू आला तेव्हा मला कळलं, मी त्याचीच वाट बघत होतो.

"लागलं का?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. येलहंक्यापर्यंत आलं नाही. उरलेला रस्ता मी अत्यंत नीट चालवला. पान केव्हा होतं, केव्हा नव्हतं, मला आठवत नाही.

अक्काच्या घरी माझे साडू फाटकातच उभे होते. हवाई दलाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. चाक असलेली आणि नसलेली सगळी यंत्रं आपल्या ओळखीची आहेत असं समजणारा. "काय पायलट! हे काय आणलंत? विमानाचं पुढचं चाक मागे लावलंय का?" मग बायकोच्या सलवारीकडे बघून, "आणि वाटेत शेतात उतरलात वाटतं."

बायको "अक्का, साबण कुठाय?" एवढंच म्हणून आत गेली.

जेवताना ती माझ्याशी सोडून सगळ्यांशी बोलली. अक्काने पोळ्यांवर तूप वाढलं. साडूंनी मला विचारलं, "किती देते?" म्हणजे लिटरला किती जाते. आठवडाभर या प्रश्नाची मी वाट बघत होतो, उत्तर पाठ होतं. मी म्हणालो, "बघितलं नाही." साडूंनी घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. आजारी आहे की काय, असं त्यांना वाटलं असावं.

जेवण झालं. बायको दिवाणखान्यात खुर्चीवर बसली, पर्समधून फोन काढला आणि टॅक्सी बोलवायला लागली. पत्ता टाकताना मनगट दुखत असावं, कारण तिने फोन डाव्या हातात घेतला. मी समोर बसलो होतो. विकायची तर कुणाला विकायची, याचा विचार करायला लागलो होतो. असली गाडी घेणारा दुसरा मूर्ख या शहरात सहज मिळेल असं नव्हतं.

"दाखवत नाहीये अजून कुठली गाडी येतेय ते," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. मग फोन खुर्चीवर ठेवून ती बाहेर गेली.

मी खिडकीतून बघितलं. ती फाटकाजवळ गाडीपाशी उभी होती. मग तिने जे केलं ते मी कधी कल्पनेत आणलं नव्हतं. तिने पाय टाकला आणि पुढे बसली. चालवायच्या जागेवर. दोन्ही मुठी धरल्या. आणि मला हाक मारली, "अहो! चावी आणा."

मी चावी घेऊन पळालो. साडू दारात येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं, आता ही चालवणार. चालवायची नव्हती. तिने मला गाडी फक्त सुरू करायला लावली. पडदा उजळला. ती पडद्याकडे बघत बसली. कोपऱ्यात पान उगवलं. गाडी उभीच होती, त्यामुळे छान गर्द हिरवं.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. सगळं. इको काय, पान काय, ते केव्हा येतं, केव्हा विझतं. टँकरच्या मागे का गेलो, तेही. सांगताना मलाच ते ऐकवत नव्हतं. साडू "अरे देवा" म्हणून आत गेले.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. "मघापासून आरशातनं तुमचे डोळे बघत होतो मी," ती म्हणाली. "निघाल्यापासनं. वर उचललेच नाहीत तुम्ही. मला वाटलं, तुम्हालाच भीती वाटतेय. माझ्यासारखीच. म्हणून त्यावर काही बोललो नाही." ती पानाकडे बघत होती. "आणि तुम्ही हे बघत होता."

मी गाडीवरचा वाळलेला चिखल नखाने खरवडायला लागलो.

"मला वेगाची भीती नाही हो. तेव्हाही नव्हती. मागं बसलेल्याला पुढचं काय दिसतं? तुमची पाठ दिसते. समोर काय येतंय ते तुम्ही बघताय, एवढ्यावरच मी बसतो. तुम्ही बघतच नसाल, तर मग काय, तीन चाकं असू देत नाहीतर सहा."

मग तिने कपाळावरची टिकली काढली. मोठी, मरून रंगाची, जाताना अक्काला दाखवायला म्हणून लावलेली. पडद्यावर हात फिरवून धूळ पुसली आणि टिकली पानावर चिकटवली. अंगठ्याने दाबून. पान दिसेनासं झालं.

आयुष्यभर मी यंत्रं तपासली. टिकली लावून यंत्र दुरुस्त करताना पहिल्यांदाच कुणाला पाहिलं.

"काढायची नाही," ती म्हणाली आणि उतरली. "हेल्मेट कुठाय माझं?"

साडूंनी दारातून आवाज दिला, "अहो, टॅक्सी बोलावली होती ना तुम्ही?" पण गाडीचं इंजिन चालू होतं आणि अक्का तिला रिकामा डबा, पर्स आणि खुर्चीवर राहिलेला फोन द्यायला पुढे आली होती, आणि टॅक्सी रद्द करायचं त्या गडबडीत राहून गेलं.

परतताना मी इको काढलं आणि प्रवासाचा स्वभाव लावला. मूठ पिळली तशी गाडी हुशारीने पुढे गेली. इतके दिवस तिला कुणी बोलायची संधीच दिली नव्हती. समोर बसगाडी दिसली की मी तिच्या बाजूने काढली. खड्डा दिसला की आधी सांगितलं, "खड्डा." आरशात बघितलं, तर ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती. बाहेर बघत होती.

उड्डाणपुलावर चढलो तोच तिचा फोन वाजला. मला हेल्मेटमधून तिचंच बोलणं ऐकू येत होतं.

"हां, हेळी," ती कानडीत म्हणाली. सांगा. मग दचकून, "अय्यो!" टॅक्सीवाला अक्काच्या घरासमोर येऊन उभा होता. तिकडून बराच आरडाओरडा चालला असावा, कारण ती मध्येमध्ये "हौदु, हौदु", म्हणजे हो, हो, म्हणत होती. शेवटी म्हणाली, "बेडा. क्यान्सल् माडि. बेरे गाडी सिक्तु." नको, रद्द करा. दुसरी गाडी मिळाली.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "दुसरी गाडी?"

"मग काय सांगू त्याला? नवरा मिळाला म्हणून? पुढं बघा."

मी पुढं बघितलं.

मग कानात, डाव्या की उजव्या ते हेल्मेटमध्ये कळत नाही, ती म्हणाली, "अक्काच्या जाऊबाईंचं कळलं का तुम्हाला?"

"नाही."

"कसं कळणार! ऐका तर. गेल्या दिवाळीपासनं सुरू आहे. आधी त्या म्हणाल्या की..."

दिवाळीपासून सुरू झालेली गोष्ट पूल उतरेपर्यंत संक्रांतीला आली होती. शहरात शिरलो, गर्दी लागली, थांबलो, सुटलो, ती बोलत होती. मधेच पाठीमागे जाऊन मागच्या वर्षीचं एक बारसं आलं, त्यातून कुणाचा तरी रुसवा, त्यातून तिचं स्वतःचं मत. मी "हं" म्हणत होतो. जयनगर आलं. आमचा कोपरा आला, ओळखीचं औषधाचं दुकान आलं, आमची गल्ली आली. जाऊबाईंनी नुकतंच स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं होतं.

मी वळलो नाही. सरळ गेलो.

"अहो, गल्ली मागं राहिली."

"हो का?"

"तिकडं कुठं चाललाय?"

"पुढून वळतो."

तिला पुढून वळायला जागा नाही हे माहीत होतं. तिथं राहूनच ती म्हातारी व्हायला आलीय. आरशात मला तिची फक्त हेल्मेटची काच दिसत होती.

"बरं," ती म्हणाली. "तर दार लावून घेतलं, आणि सासू बाहेर. आता गंमत ऐका."